शमुवेल मास्तरांचा सवाल

आमच्याकडं माणूस माणसाला भेटला की विचारतो, जेवलास का. शमुवेल मास्तर विचारायचे, "तुळशीराम, पाप आलं कुठून?"

सकाळी हातात टमरेल घेऊन निघालो तरी विचारायचे. सोसायटीत युरियाच्या रांगेत विचारायचे. मुरुम गावच्या बाजारात मी एका बैलाचे दात बघत होतो, तर बैलाच्या पलीकडनं काळी छत्री वर आली आणि तिच्याखालनं तोच सवाल आला. बैल बुजला. सौदा मोडला.

मास्तर ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत शिकवून रिटायर झालेले, बिनलग्नाचे, शाळेमागच्या खोलीत एकटे राहायचे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी असे नव्हते. उन्हानं डोकं तापलं ते निवलंच नाही, असं गावाचं मत.

"मुळाशी जा, मुळाशी," हे त्यांचं दुसरं वाक्य. आणि ते नुसतं बोलायचे नाहीत. कुणाच्या रानात हराळी दिसली की सायकल आडवी टाकून उपटायचे आणि मूळ डोळ्यांजवळ धरून बघत बसायचे. एकदा हराळीबरोबर माझा भुईमूगही उपटून आला. कवळ्या शेंगा बघून म्हणाले, "बघ, फळसुद्धा मुळाशीच आहे." मी म्हणालो, "व्हय मास्तर. अजून पंधरा दिवस तितंच असतं तर बरं झालं असतं."

सवाल एक, पण उत्तर त्यांचं एक नव्हतं. गोष्ट तीच. देवानं बाग केली, आदम आणि हव्वा हे पहिलं जोडपं तिथं ठेवलं, एका झाडाचं फळ तेवढं खाऊ नका म्हणाला, आणि सापानं भुलवलं म्हणून हव्वेनं नेमकं तेच तोडून खाल्लं, आदमालाही दिलं. पण खोट कुणाची, याचा निकाल मास्तर रोज नवा लावायचे.

एकदा म्हणाले, सापाची. त्याच्यात जो शिरला होता तो आधी देवाचा दूत, गर्व झाला म्हणून वरून खाली पडला. मी म्हणालो, गर्वानं पडत असते तर आमच्या सोसायटीचा चेअरमन कवाच पडला असता. तो दर खेपेला निवडून येतो.

मग उसाचा फड दाखवून म्हणाले, बेण्यालाच काणी रोग असला की सगळा फड काणीचा. तसं आदमाचं पाप आपल्या रक्तात उतरलं, पोर जन्माला येतं ते घेऊनच येतं. मी म्हणालो, मग उसाला शिव्या कशाला द्यायच्या? मास्तर सायकल हातात धरून पायी गेले, दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, काही जाणकार असंही म्हणत की पोर कोरंच येतं, मोठ्यांचं बघून बिघडतं. स्वतःलाच पटलेलं दिसत नव्हतं.

एकदा आमच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळा दोष हव्वेवर टाकला. माझी बायको गोदा ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "मास्तर, एकटीनं खाल्लं असतं तर पाप. तिनं निम्मं घरधन्याला ठिवलं की. ह्यात काय वंगाळ?" मास्तरांनी छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. त्यानंतर हव्वेला त्यांनी कधी बोल लावला नाही.

मी चेष्टा करायचो खरा, पण त्या सवालाला मी भ्यायचो. त्याला कारण होतं.

त्या दुष्काळात मी आणि गोदा खडी फोडायला जात होतो. दुपारी सुकडी मिळायची, पिठागुळाची, माणशी एक वाटा. शाळा ओस पडलेली, म्हणून वाटपावर मास्तरांना बसवलेलं. एका दुपारी गोदानं पदरातनं एक जादा वाटा काढून मला दिला. कुठनं आणला, मी विचारलं नाही. भूक विचारत नसते. मी खात होतो तोच मुकादम पुढं उभा. हा दुसरा वाटा कुणी चोरला म्हणाला. तोंडात घास तसाच ठेवून मी बोट केलं आणि म्हणालो, "हिनं दिला."

गोदानं नुसता पदर डोक्यावर ओढला. मुकादमानं तिला आठ दिवस कामावरनं काढलं. ती उन्हात एकटी चालत घरी गेली आणि मी खडी फोडत राहिलो. त्यावर पुढं ती कधी बोलली नाही, मीही नाही. मास्तर तिथंच उभे होते, त्यांनी सगळं बघितलं होतं. बागेत देवानं जाब विचारला तेव्हा आदमानंही बायकोकडंच बोट केलं होतं, हे मला त्यांनीच सांगितलेलं. त्यामुळं दर वेळी सवाल आला की वाटायचं, हा माणूस मलाच टोचतोय.

पुढं दहा-एक वर्षांनी, माकणीच्या धरणाचं काम चाललं होतं त्या दिवसांत गोदा गेली. तापाचं निमित्त झालं. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि दुपारचे मास्तर आले. छत्री भिंतीला टेकवून बसले. सवाल विचारीनात. शेवटी मीच म्हणालो, "विचारा, मास्तर. आज सांगतो. माझ्या ह्या बोटातनं आलं पाप."

मास्तरांनी माझं बोट धरून खाली केलं. मग म्हणाले, "तो वाटा माझा होता, तुळशीराम."

गोदा रोज आपल्यातला निम्मा वाटा मला घालते आणि पाणी पिऊन उठते, हे त्यांनी बघितलं होतं. त्या दिवशी तिला भोवळ आली, म्हणून त्यांनी आपला स्वतःचा वाटा तिला दिला, तूच खा म्हणून बजावून. तिनं तो मला आणून दिला. चोरी नव्हतीच. मास्तर एक शब्द बोलले असते तर तिथंच मिटलं असतं. पण बिनलग्नाचा माणूस परक्या बाईला आपला घास देतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांची जीभ उचलली नाही.

"तू निदान खरं ते बोललास," मास्तर म्हणाले. "मी तेही केलं नाही. तेव्हापासून शोधतोय, हे माझ्यात आलं कुठून."

मी विचारलं, गोदा त्यावर तुमच्यापाशी कधी काय बोलली हुती का?

खडीचं काम बंद झाल्यावर मास्तर तिची माफी मागायला गेले होते. ती हसली म्हणे. म्हणाली, "तुमचं काय चुकलं, आन् ह्यांचं तरी काय? म्याच दिला हुता की." मग मास्तर निघाले तेव्हा मागनं हाक मारून म्हणाली, "आपलं बोलणं झालं ते त्यांना सांगू नका. आदीच खाली मान घालून जेवत्यात."

म्हणजे तिला दिसत होतं. इतकी वर्षं मी ताटाकडं बघून जेवत होतो, आणि समोर बसून ती ते बघत होती, आणि रागात नव्हती.

मी रडलो का हसलो, मला सांगता यायचं नाही. डोळे पुसले तेव्हा ध्यानात आलं, मला भूक लागलीय. गोदा गेल्यापासनं पहिल्यांदाच.

मास्तर उठले, छत्री घेतली, पुन्हा टेकवली. "जेवलास का?" म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

शेजारणीनं झाकून ठेवलेली एक भाकरी होती. ती मोडून निम्मी मी त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी तिचे पुन्हा दोन तुकडे केले आणि मोठा माझ्याकडं सारला. मी काही न विचारता खाल्ला.