बंटी झाला आर्गॉन

“मॅडम, इलेक्ट्रॉन चोरणारा सापडत कसा नाही हो?”

माझ्या मैत्रिणीनं, उज्ज्वलानं, पैज लावली होती. हा प्रश्न मी विचारला तर गुपचुपची, म्हणजे पाणीपुरीची, प्लेट तिच्याकडून. मी, राखी पूनमसिंग राठोड, अख्ख्या वर्गासमोर उभी राहिले आणि विचारलाच! नागपूरहून विज्ञान शिकवायला आलेल्या मॅडम रागावतील असं वाटलं होतं, त्या तर खुश झाल्या.

“दोन इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू असतो ना, तो वायूच्या अणूजवळून सुसाट जाताना त्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग दोघांवरही धन प्रभार! एकमेकांना ढकलून दोन दिशांना पळतात. कोण सापडणार? पण अंतर नेमकं लागतं. फार लांबून इलेक्ट्रॉन पोचत नाही, फार जवळ आले तर गेलेला परत फिरतो. उद्या तूच हे वर्गाला करून दाखव.”

मी! दहावीनंतर सायन्सच घ्यायचं, तेही पुण्याला जाऊन, असं माझ्या मनात होतं. बानं मात्र अजून हो म्हटलं नव्हतं.

आमच्या बंजारा तांड्यात आले तर तांड्याच्या प्रमुखाकडे, नायकाकडे, बैठक चालू. आमचा बा आणि देवीलालकाका, सख्खे भाऊ, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर्षभर बोलत नव्हते. आज समेट होता. दाराबाहेर चपलांचा ढीग. मला तर इलेक्ट्रॉनच दिसले! तिथंच खेळणाऱ्या पोरांपैकी शाम आणि प्रेमला अनवाणी उभं करून ओढणीनं एकमेकांना बांधलं. हा झाला दोन इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू. तिसऱ्या पोरानं, बंटीनं, ढिगातल्या दोन चपला घातल्या. तो आर्गॉन वायू.

“एकच चप्पल ओढाची हं! भेटली का दोघंबी उलटे पया!” मी बजावलं.

प्रयोग झक्कास झाला. रेणू एक चप्पल घेऊन विहिरीकडे, बंटी दुसरी घेऊन कपाशीच्या पऱ्हाटीत. फक्त बंटीनं घाईत एक चप्पल बाची घातली होती आणि एक काकाची.

बैठक सुटली. दोघे भाऊ खांद्यावर हात टाकून बाहेर आले. बघतात तर प्रत्येकाची एकच चप्पल.

“देव्या, लपवाची सवय गेली नाही तुही!”

“मी कायले लपवू? माहीच गायब हाय, दादा! धुरा पुरला नाही तं आता चप्पल?”

आणि एकेका चपलेवर दोघं दोन दिशांना! मॅडम असत्या तर टाळ्या वाजवल्या असत्या. मी मात्र रडकुंडीला आले. नुकतंच जुळलेलं घर माझ्या आर्गॉननं मोडलं होतं.

“थांबा! चोर मी हाय!” मी ओरडले. रेणू सांगितला, आर्गॉन सांगितला, चपला आणवल्या.

“बंद तुह्यं सायन्स!” बा कडाडला. “महागावले आर्ट्स घे, अन् रोज संध्याकाळी घरी!”

काका मात्र पोट धरून हसत होता. “दादा, पोरीनं आपलंच भांडण समजावलं. धुऱ्याले धुरा लागून, लय जवळ राह्यतो आपण. तिले सायन्स शिकू दे, नाही तं मी पुन्हा बोलणं बंद करतो!”

बानं मान डोलावली आणि काकाची चप्पल त्याच्यापुढे सरकवली. याडी, माझी आई, हळूच म्हणाली, “पण पुण्याले नको, माय. लय लांब.”

मी ओढणी खांद्यावर टाकली.

“बा, याडी, ठरलं. मी यवतमाळले होस्टेलात राहून सायन्स शिकणार. लय जवळ नाही, लय लांब नाही. इलेक्ट्रॉन तेवढ्याच अंतरावर भेटते!”