दोन दिवसांत सात मिशनं

"दोन दिवसांत सात मिशनं! एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही!" सुट्टीच्या पहिल्या सकाळी कंडक्टरसाहेबांनी गाडीच्या टपावर थाप मारून जाहीर केलं.

आता मिशनं म्हणजे काय, तर दोन-तीनशे वर्षांपूर्वी धर्मगुरूंनी बांधलेली चर्चं, त्यांना लागून मठ, कमानींचे व्हरांडे, घंटा आणि बागा. निवांत बघायची ठिकाणं. पण निवांतपणा आणि कंडक्टरसाहेब यांचं कधी जमलंच नव्हतं! बावीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. गाडी चालवणार बायको, पण सोडणार हे. त्यासाठी डॅशबोर्डवर सायकलची घंटी बसवली होती. नियम एकच: ड्रायव्हरने पुढे बघायचं, मागचं कंडक्टर बघेल. घंटी दोनदा वाजली की निघायचं.

आणि या खेपेला सासूबाई सोबत होत्या, तिथेच खरी मेख होती. लग्नाच्या दिवशी कंडक्टरसाहेब स्वतःच्याच बसमधून वऱ्हाड घेऊन निघाले आणि तीन तास उशिरा पोचले. तेव्हापासून सासूबाई जावयाशी बोलायच्या ते फक्त 'हं' आणि 'बरं'. एवढी वर्षं झाली, एक कौतुकाचा शब्द नाही! तो शब्द या सहलीत मिळवायचाच, असा कंडक्टरसाहेबांनी पण केला होता. म्हणून तर हे मिनिटामिनिटाचं वेळापत्रक.

पहिलं मिशन पंचवीस मिनिटांत उरकलं. दुसऱ्यात सासूबाई वेदीसमोर हात जोडून उभ्या राहतात न राहतात तोच मागून आवाज आला, "चला, चला, पुढे सरका!" अख्खं चर्च वळून बघायला लागलं. तिसऱ्या मिशनच्या दुकानात सासूबाईंनी एका संताचा प्लास्टरचा पुतळा घेतला, चांगला कमरेइतका उंच. डिकीत जागा कुठली? तिथे साहेबांच्या छत्र्या, पाण्याचे कॅन आणि दोन-दोन स्टेपन्या! शेवटी सासूबाईंनी पुतळा आपल्याच सीटवर बसवला, पट्टा लावला, टवका उडू नये म्हणून अंगाला स्वतःची शाल गुंडाळली, डोक्यावर स्वतःची उन्हाची टोपी घातली, मांडीवर पर्स ठेवली आणि "बाग तेवढी बघून येते" म्हणून त्या परत आत गेल्या. ऐकायला होती फक्त नात, आणि ती शेजारी तोंडावर ओढणी घेऊन गाढ झोपली होती. कॉलेजातली मुलगी, सुट्टीत टेकली की झोपली!

बायको येऊन स्टिअरिंगवर बसली, पाठोपाठ कंडक्टरसाहेब आले. मागच्या काचेतून सवयीने डोकी मोजली. ड्रायव्हर एक, ओढणी दोन, टोपी तीन, आपण चार.

ठण ठण! गाडी सुटली.

अर्धा तास झाला, मागून चकार शब्द नाही. साहेबांनी मान न वळवताच गोळी मागे धरली.

"सासूबाई, आल्याची गोळी?"

गोळी हातातच राहिली.

"रागावल्यात," ते बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"तुम्ही चर्चमध्ये ओरडल्यावर काय आरती ओवाळतील? माफी मागा आधी!"

मग मात्र साहेबांनी घसा खाकरला. "सासूबाई, आज बोलतोच. लग्नाच्या दिवशी टायर फुटला, त्यात माझा दोष नव्हता. पण मी तुम्हाला तसं कधी सांगितलंच नाही. भीती वाटायची हो तुमची! अजून वाटते. तुम्ही दारात दिसलात की मला तिकीट तपासनीस आल्यासारखं होतं. पण तुमच्या लेकीला मी जपलंय. एवढं एकदा 'बरं केलंत' म्हणा, बस!"

साहेबांचे डोळे पाणावले. "बघितलंस? एकदाही मधे तोडलं नाही! किती समजून घेऊन ऐकलं!"

बायकोलाही भरून आलं. "आई, बोल ना गं काहीतरी!"

तेवढ्यात रस्त्यात कुत्रं आडवं आलं. करकचून ब्रेक! टोपी उडून साहेबांच्या मांडीत पडली. ती परत द्यायला ते हसत वळले, आणि शाल पांघरलेले संत महाराज त्यांच्याकडे अपार दयेने बघत होते.

"अगं आई गं!"

"काय झालं?"

"तुझी आई... प्लास्टरची झाली!"

त्या किंकाळीने नात जागी झाली आणि पुतळा बघून तिने दुसरी फोडली. बायकोने गाडी कडेला घेतली. आईला फोन लावला, तर तो संतांच्या मांडीवरच्या पर्समध्ये वाजायला लागला.

"चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटं तुम्ही पुतळ्याशी बोलताय?"

"तू पण बोललीस!"

"मी पुढे बघत होते! नियम कोणाचा?"

साहेबांनी मिशनच्या कार्यालयाचा नंबर फिरवला. "हॅलो, आमच्या सासूबाई तिथे राहिल्यात. पांढरे केस, करडी नजर, बोलतात अगदी कमी."

पलीकडचा रखवालदार म्हणाला, "कमी बोलतात? मग त्या नव्हेत. इथे एक आजी आहेत, पण त्यांनी तासाभरात आम्हा कोणाला तोंड उघडू दिलेलं नाही."

गाडी भरधाव परत फिरली. गेला! तो एक शब्द आता या जन्मी मिळत नाही.

धापा टाकत तिघं अंगणात शिरली. बघतात तो काय! सासूबाई चपला काढून कारंज्याच्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या. शेजारी म्हातारे फादर कात्री घेऊन गुलाब छाटतायत आणि सासूबाई हुकूम सोडतायत, "अहो फादर, तिरकं कापा, तिरकं!"

साहेब पुढे झाले. पुतळ्यापुढे घडाघडा बोललेलं ते सगळं भाषण कुठल्या कुठे पळालं.

"सासूबाई, चुकलं. मी... मी तुम्हाला विसरलो."

सासूबाईंनी पायांनी पाणी खळखळवलं. "फार बरं केलंत."

"काय?"

"अहो, तीन मिशनं हिंडले, पण तुमच्या 'चला चला'पायी भिंतीचा रंगसुद्धा धड पाहिला नव्हता. हे एक डोळे भरून पाहिलं. घंटा वाजवली, सगळी बाग फिरले, फादरांच्या हातचा चहा प्याले. जावईबापू, इतक्या वर्षांत तुमच्या हातून झालेलं हे पहिलं शहाणपणाचं काम!"

साहेबांचा ऊर भरून आला. मिळाला! शब्द मिळाला! ते अडखळत म्हणाले, "म्हणजे... आता तुमचा माझ्यावर राग नाही ना?"

"राग कसला?" सासूबाई प्रसन्न हसल्या. "आणखी तासभर आला नसतात, तर तुम्ही मला आवडायलासुद्धा लागला असतात."