साडेचारशेवरचा मंगळ

सतीशकुमारांची लाल गाडी वळणावर आली की अडखळायची. रस्त्यावरची नव्हे. रस्त्यावर त्यांच्याकडे मोपेड होती आणि ती बिचारी कुठेच अडखळत नसे. ही गाडी कॉम्प्युटरमधल्या शर्यतीतली. ऐन वळणावर चित्र थबके, मग एकदम पुढे उडी मारी आणि गाडी भिंतीत. स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे गुरुमूर्ती मात्र रोज डब्यातला दहीभात कालवता कालवता सांगत, "आमच्या घरी लोण्यासारखी पळते बघा."

चाळिशीला टेकलेल्या, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला एवढं दुःख पुरेसं असतं.

खरं तर कॉम्प्युटर घरात आला होता तो त्यांच्या बायकोसाठी. देश काही वर्षांपूर्वी उदार झाला होता, बाजार खुला झाला होता, आणि त्या खुल्या बाजारातून तंजावूरच्या मराठी घरांत सगळ्यात आधी काय पोचलं, तर कॉम्प्युटरवरची पत्रिका. वासुकी जन्मतारीख आणि वेळ टाइप करी, प्रिंटर करकर करी, आणि ग्रह आपापल्या घरात जाऊन बसत. लग्न जुळवायला इकडे दहा पोरुत्तम, म्हणजे पत्रिकांचे गुण, पाहतात. दहांतली किती जुळली तेही खाली छापून येई. हातानं गणित करणाऱ्या जोसियरापेक्षा, म्हणजे ज्योतिषापेक्षा, लोकांचा तिच्यावर विश्वास जास्त. यंत्र कधी चुकतं का?

सतीशकुमारांनी मद्रासला आपल्या मेव्हण्याला, श्रीकरला, फोन लावला. तो कॉम्प्युटर कंपनीत होता.

"भावजी, ओव्हरक्लॉक करा," श्रीकर म्हणाला. "मदरबोर्डावर एक बारीक टोपी असते, जंपर म्हणतात. ती उचलून शेजारच्या खुंटीवर बसवा. तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर पळेल. पण तापेल हां. आणि तुमचं ग्राफिक्स कार्ड कुठलं..."

"तापण्याचं मला सांगू नकोस," सतीशकुमार म्हणाले. "उष्णता हा माझा विषय आहे." आणि फोन ठेवला.

वासुकी देवळात गेली होती तेवढ्यात त्यांनी कॉम्प्युटरची पेटी उघडून टोपी हलवली. गाडी जरा बरी पळू लागली, किंवा तसं त्यांना वाटलं. दुसऱ्या फेरीला पडदा गोठला. मग त्यांनी पेटीचं झाकण काढून ठेवलं. तिसऱ्या फेरीला पुन्हा गोठला, तेव्हा आईच्या खोलीतला टेबलफॅन आणून पेटीच्या तोंडाशी लावला. मे महिना होता. आई वर्तमानपत्रानं वारा घेत बसली.

वासुकी आली. "अय्यो, हे काय? त्याला ताप आलाय की?"

"उन्हाळा आहे. यंत्राला नाही का उकडत?"

"आणि अम्माला?"

"अम्माला सवय आहे."

वासुकीनं मान हलवली आणि कामाला बसली. फॅनच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून तिनं त्यांवर इडलीचं भांडं ठेवलं. त्याच दुपारी तिनं कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांच्या मुलीची, कामाक्षीची पत्रिका एका मुलाच्या पत्रिकेशी ताडून पाहिली. मुलगा अमेरिकेत. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते म्हणे, ते हा तिकडे बसून थांबवत होता. दहांतली नऊ पोरुत्तम जुळली. प्रिन्सिपॉल कृष्णस्वामी राव स्वतः येऊन कागद घेऊन गेले, आणि जाता जाता सतीशकुमारांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय, लक्षात आहे माझ्या."

साखरपुडा झाला. मंगल कार्यालय ठरलं. लग्नपत्रिका वाटून झाल्या.

आणि मग राजम मामींच्या, म्हणजे प्रिन्सिपॉलांच्या पत्नीच्या, माहेरच्या म्हाताऱ्या जोसियरानं बोटांवर हिशेब करून सांगितलं की चारच जुळतात, आणि मुलाला कडक मंगळ आहे.

निरोप कळताच वासुकीनं तीच माहिती पुन्हा घातली. सहा आली. पुन्हा घातली. आठ. शिवाय चंद्र दोन घरं पुढे.

"अहो, चंद्राला एवढी घाई कसली झालीय?" तिनं विचारलं.

चंद्राला घाई कुणी लावली ते घरात एकट्या सतीशकुमारांनाच माहीत होतं. घाईघाईत हिशेब करणारा प्रोसेसर हातचे विसरत होता. बायको आत कॉफी करायला गेली तशी त्यांनी टोपी मूळ जागी बसवली आणि उभ्या उभ्या तपासलं. चार. आणि मंगळ, कडक.

संध्याकाळी प्रिन्सिपॉल आणि राजम मामी दारात हजर. मामी तडक आत गेल्या. "वासुकी, माझ्या डोळ्यांदेखत कर. पोटच्या पोरीचा प्रश्न आहे."

सतीशकुमारांनी प्रिन्सिपॉलांना ओसरीवरच गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर खरं बोलायची वेळ आली होती, त्यामुळे ते अडखळत बोलले. "सर, ती नऊ खोटी होती. मी गाडीसाठी... म्हणजे संशोधनासाठी... प्रोसेसर जादा पळवला. बायकोला ठाऊक नाही. आता नीट केलाय. खरी चारच आहेत."

कृष्णस्वामी रावांनी आत पाहिलं. मग आवाज खाली आणला. "नीट का केलात?"

"सर?"

"अमेरिकेतला मुलगा आहे, सतीशकुमार. सगळ्या गावाला बोलावणं गेलंय. मंगळासाठी मी तो सोडू? होता तसा करा."

"पण सर, ते खोटं..."

"तुम्ही फिजिक्स शिकवता की जोसियम? करा म्हणतो ना."

असं म्हणून ते आत गेले, आणि "कॉफी झाली की?" म्हणत दोघी बायकांना स्वयंपाकघरात घेऊन गेले. भावी विभागप्रमुखांनी टोपी उचलली. घाईत ती साडेचारशेच्याही पलीकडच्या खुंटीवर बसली. फॅन भिंतीकडे वळला होता, तोही सरळ करायचा राहिला.

सगळे येऊन बसले. वासुकीनं तारीख घातली, वेळ घातली, बटण दाबलं. पडद्यावर ग्रह एकेक करून उमटू लागले. सूर्य आला, चंद्र आला, मंगळ यायला लागला आणि पेटीतून टप्प असा आवाज झाला. पडदा काळा. पेटीतून धुराची बारीक रेघ सरळ वर गेली.

वासुकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची सगळी कमाई त्या पेटीत होती. सतीशकुमार भिंतीला चिकटले. प्रिन्सिपॉलांनी डोळे मिटले.

राजम मामींनी मात्र हात जोडले. "बघितलंत?" त्या म्हणाल्या. "मंगळाचं नाव आलं आणि पेटली. पोरीवरचं संकट त्या पेटीनं आपल्यावर घेतलं. गेला दोष!"

"गेलाच," प्रिन्सिपॉल डोळे उघडून म्हणाले. "मी स्वतः बघितला जाताना."

मामींनी वासुकीला जवळ घेतलं, कपाळाला कुंकू लावलं आणि नवी पेटी आपल्याकडून येईल असं सांगितलं. लग्न थाटात झालं. सतीशकुमार विभागप्रमुख झाले. उष्णतेच्या प्रत्यक्ष अनुभवाचा विचार झाला असावा.

लग्नाला श्रीकर आला होता. त्यानं जळकी पेटी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "भावजी, यात ग्राफिक्स कार्डच नाही! प्रोसेसर कितीही पळवा, चित्रं काढणारा मुळातच अधू. गाडी अडखळणारच. हेच विचारत होतो तेव्हा, तर तुम्ही फोन ठेवलात."

हे दारातून वासुकीनं ऐकलं. कुणी, कुठे, काय पळवलं ते तिनं भावाकडून सावकाश, शेवटपर्यंत समजून घेतलं.

मग एका सकाळी जवळच्या ओरत्तनाडू गावाहून एक गृहस्थ आले. सोबत लग्नाची मुलगी, आणि ऑटोत मागे दोरीनं बांधलेला एक जुनाट कॉम्प्युटर.

"मुलीला मंगळ आहे," ते घाम पुसत म्हणाले. "पेटी आम्ही घरचीच आणलीय. इथंच जाळून देतात ना?"

वासुकीनं त्यांना बसायला चटई टाकली, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

"ते काम आमच्यात हे बघतात."