सोंड बाहेर येईपर्यंत

आमच्या मासेवाल्या मावशींचं एकच गिऱ्हाईक असं आहे, जे मासा सोडून नुसती आतडी मागतं. आमचे शेजारी शेवाळे सर. मूळचे निफाडचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले, आणि जन्मात मासा न चाखलेले.

"मावशी, मरळीचीच द्या हं."

"सर, मांजरं तरी किती पाळलीत?"

मांजर एकही नाही. सरांना हवा असतो मरळीच्या आतड्यात राहणारा काटेरी डोक्याचा जंत, पॅलिसेंटिस. त्याचं कौतुक ते नव्या जावयासारखं सांगतात. "ताई, याला तोंड नाय, पोट नाय! सगळं जेवण कातडीतून. सोंडेचे आकडे आतड्यात रुतवले की लय निवांत!" हे सगळं मी पोळ्या लाटत असताना.

मार्चमध्ये एकदा सर बाटली घेऊन दारात उभे. "फ्रीज बिघडलाय, ताई. एवढे पाहुणे ठेवून घ्या."

कोथिंबिरीशेजारी जंत! पण नाही म्हणवेना. सरांनी कारणही सांगितलं. आतड्यातून काढला की हा सोंड आत ओढून घेतो, आणि सोंडेवरचे आकडे मोजल्याशिवाय त्याची जात कळत नाही. घाईने स्पिरिटमध्ये टाकला तर सोंड कायमची आत. थंड पाण्यात ठेवला की हळूहळू सोंड आपणहून बाहेर काढतो. "बुजलाय हो तो," सर म्हणाले.

आमच्या घरातही तेव्हा एक जण बुजलेला होता. अंबडची कंपनी बंद पडली आणि माझा नवरा संजय खोलीत शिरला, तो शिरलाच. महिना होत आला, हूं नाही की चूं नाही. माझ्या जिवाला घोर लागलेला. अर्ज केलास का, तुझ्या दादांना फोन केलास का, असं मी दाराशी उभं राहून रोज सुनवायचे. एकदा सर हळूच म्हणाले, "ताई, स्पिरिट ओतू नका."

असा राग आला मला! माझ्या नवऱ्याची बरोबरी जंताशी? पण दुसऱ्या दिवसापासून मी तोंड बंद ठेवलं.

सर रोज नवी बाटली आणत. आदल्या दिवशीचा जंत काचेच्या ताटलीत घेऊन, ओट्यावर मायक्रोस्कोप मांडून मोठ्याने आकडे मोजत. पाचव्या दिवशी "सदतीस, अडतीस, संपले!" म्हणाले, तोच संजयच्या खोलीचं दार उघडलं.

"सर, जरा सरका," संजय म्हणाला. कंपनीत सतरा वर्षं भिंगातून माल तपासलेला माणूस तो. त्याने दोनदा मोजलं. "चाळीस आहेत. चार ओळी, दहा-दहा. अडतीस लिहिलंत तर माल रिजेक्ट होईल."

माझी पोळी तव्यावर करपली. मला रडू आवरेना.

आता संजय सकाळी सरांबरोबर मासळीबाजारात जातो आणि दुपारी बसून अर्ज लिहितो. परवा एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलंय.

काल ताटली परत द्यायला सरांकडे गेले. स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरत होता. उघडला तर दिवा लागलेला, आत गारेगार. एका वाटीत शिळी आमटी, बाकी सगळा रिकामा.

"दुरुस्त झाला वाटतं," सर जमिनीकडे बघत म्हणाले.

"बिघडलेलाच राहू द्या, सर. बाटली आमच्याकडेच आणा. आणि उद्यापासून जेवायलाही तिकडेच या."

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मी घाई केली नाही.

"आमटीत काळा मसाला घालता ना, ताई?" त्यांनी विचारलं.