कणीवरचा सेनापती

खर्डीच्या पलीकडे, भातखाचरांना टेकून असलेल्या एका घराच्या पडवीत, खिडकीपाशी टेबल होतं. टेबलावर चिंचोक्याएवढ्या घोडेस्वारांची अख्खी फौज उभी होती, आणि त्या फौजेवर ओणवा झालेला धनेश या जगात नव्हता. भातसानगरला धरणावर पाण्याची पातळी मोजायची त्याची नोकरी. ड्युटीवरून आला, की चहा घेऊन तो इथे बसायचा. बारीक ब्रश रंगात बुडवायचा, श्वास रोखायचा आणि एखाद्या कथलाच्या स्वाराच्या पागोट्यावर लाल ठिपका ठेवायचा. ठिपका नीट बसला, की त्याला लांबून टापा ऐकू यायच्या. मग चहावर साय धरायची, ऊन टेबलावरून भिंतीवर चढायचं, आणि धनेश आपल्या फौजेबरोबर माहुलीच्या रानातून धुक्यात खाली उतरत असायचा.

"अवो! सिलिंडर आलाय!" संजीवनीनं आतून तिसऱ्यांदा हाक मारली. "उचलून आणताय, का तुमच्या शिपायांना सांगू?"

"आलो गो, हा एकच घोडा राहिलाय."

"घोडाच राहिलाय! आबा येतायत रविवारी, ठाऊक हाय ना? मी यंदा भाताच्या गोणी कुठं ठेवू? या टेबलाचं काय करायचं ते आता आबाच सांगतील. बाहुल्या ठेवा म्हनले तर ठेवा, माळ्यावर टाका म्हनले तर टाकायच्या. मग कुरकुर नाय करायची."

धनेशच्या हातातला ब्रश घसरला आणि घोड्याला नको तिथे मिशी फुटली.

आबा म्हणजे संजीवनीचे वडील, मुरबाडकडचे धाऊमामा. माणूस लाखातला, पण त्यांना दोन दुःखं होती. एक म्हणजे जावई बाहुल्या रंगवतो. दुसरं जुनं होतं. त्यांच्या देव्हाऱ्यात घराण्यातल्या लढाईत पडलेल्या कुणा पूर्वजाची बोटाच्या पेराएवढी मूर्ती होती. घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला. घरात त्याला वीर म्हणत. धाऊमामा तरणे असताना देव धुवायला काळू नदीवर घेऊन गेले आणि वीर हातातून निसटून पाण्यात गेला. दर भेटीत, जेवण झाल्यावर, मामा ही हकिकत सांगत आणि शेवटी मूठ उघडून रिकामा तळवा दाखवत. त्या तळव्याकडे बघून दरवेळी धनेशलाच चोरट्यासारखं व्हायचं.

तर अशा माणसाच्या एका शब्दावर आता त्याचं टेबल टांगलेलं होतं. धनेशनं ठरवलं, फौज अशी सजवायची, की मामांनी तोंडात बोट घालावं.

आता, नुसता स्वार रंगवून भागत नाही. त्याच्या पायाखाली जमीन लागते. नाहीतर तो रणात उभा न वाटता दुकानातल्या काचेवर उभा वाटतो. म्हणून पुठ्ठ्याच्या छोट्या चकतीवर स्वार चिकटवायचा, भोवती गोंद लावून वाळू भुरभुरवायची, भुसा हिरवा रंगवून गवत करायचं, आणि मधूनमधून खडक ठेवायचे. वाळू भातसा नदीची होती, भुसा सुताराकडचा होता. खडक मात्र जमेनात. खडी फोडावी तर ती स्वाराच्या छातीपर्यंत यायची. असाच एकदा विचारात असताना त्याची नजर संजीवनीच्या कणीच्या डब्यावर गेली. तांदळाची तुटकी कणी! वरून राखाडी रंग दिला, की हुबेहूब सह्याद्रीचा कातळ. अहाहा! त्या आनंदात तो बराच वेळ डब्यापाशीच उभा राहिला.

डबा कोंबड्यांचा होता आणि संजीवनी त्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. म्हणून धनेश गुपचूप मूठभर कणी खिशात घालायचा. ही युक्ती त्यानं एका जिवालाही सांगितली नाही. शहापूरचा शेखर हा त्याचा जिवलग मित्र आणि टेबलावर फौजा लढवायच्या खेळातला एकुलता एक शत्रू. त्यालासुद्धा नाही.

सेनापतीवर त्याचा विशेष जीव. त्याच्या चकतीवर त्यानं कणीचा एक अख्खा कडा उभा केला. त्या कड्यावर घोडा उधळलेला, वर सेनापतीची तलवार उगारलेली. राखाडी रंग द्यायच्या आधी गोंद वाळावा म्हणून धनेशनं चकत्या सुपात मांडल्या आणि सूप अंगणात उन्हात ठेवलं. मग पायरीवर बसून तो सेनापतीच्या डोळ्यांनी दरीत बघू लागला. दरीत धुकं होतं. धुक्यातून सूर्य वर येत होता, लालभडक. त्या सूर्याला तुरा होता.

"लाल्या! हाऽऽड!"

लाल्या म्हणजे घरचा कोंबडा. त्याला सुपात काय दिसलं? कणी. त्याचा हक्काचा खाऊ, जरा उंचावर वाढलेला. त्यानं एक टोच मारली, चकती उचलली, मान वर करून झटका दिला आणि कडा, घोडा, तलवार, सेनापती असं सगळं घशाखाली घातलं. मग पंख फडफडवून एक बांग दिली. धनेशच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यानं शेखरला फोन लावला. "शेखऱ्या, सेनापती पडला तर नियम काय रे?"

"फौजेचा धीर खचतो. अर्धी पळते."

"आनि कोंबड्यानं गिळला तर?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "तसा नियम नाय," शेखर म्हणाला. "पन धीर खचावा असंच हाय ते."

त्या दिवसापासून धनेश हातात काटकी घेऊन लाल्याच्या मागे फिरू लागला. लाल्या थांबला की हा थांबायचा, लाल्यानं शेपूट वर केली की हा आशेनं खाली वाकायचा. कोंबड्याच्या पोटात काय काळोख असेल, खडे कसे गरगरत असतील, त्यात एकटा घोडेस्वार कसा तलवार धरून असेल, याच्या विचारानं त्याचा घास उतरेना. संजीवनी दारातून हे बघत होती.

"काय शोधताय त्या घाणीत?"

"कोंबडा आजारी वाटतो गो. आजच कापूया का?"

"आजारी? परसात बघा कसा उधळतोय. आबांसाठी ठेवलाय तो, रविवारशिवाय सुरी नाय लावायची."

धनेशला हायसं वाटलं. म्हणजे रविवारी कोंबडा आपणच साफ करायचा, सेनापती हळूच खिशात घालायचा, धुऊन पुसून फौजेपुढे उभा करायचा, मग मामांना पडवीत बोलवायचं. किती सोपं!

पण रविवारी धाऊमामा पहिल्याच एसटीनं आले. आल्या आल्या त्यांनी सदरा खुंटीला अडकवला.

"जावयबापू, तुमी बसा. तुमचे हात ब्रशाचे. कोंबडा मी करतो."

"नाय मामा, मी करतो ना!"

"बसा म्हनतो ना!"

धनेश बसला, पण पायरीच्या कडेला, जीव मुठीत धरून. परसात मामांची सुरी चालली. पिसं निघाली, पोट उघडलं, मग दाणे दळायची खड्यांची पिशवी चिरली. आणि मामांचा हात थांबला.

त्यांनी चिमटीत काहीतरी धरलं आणि पाण्याखाली घातलं. लाल्याच्या पोटातल्या खड्यांनी इतके दिवस घासूनपुसून सगळा रंग खरवडून काढला होता. पागोटं गेलं होतं, मिशी गेली होती. राहिला होता फक्त पांढरा लख्ख धातू. घोडा उधळलेला, वर तलवार. घोड्याच्या खुरापाशी गोंदात दाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं होतं, ते मामांनी अंगठ्याच्या नखानं काढलं, बघितलं, टाकून दिलं.

"संजे," मामांनी आत बघून हाक मारली. "संजे गो, हळद आन. दूध आन. वीर आला!"

"कुठनं?" संजीवनी धावत आली.

"काळूतनं! नदीतल्या चिंबोरीनं नांगीत धरला असंल, चिंबोरी कोंबड्यानं टिपली असंल. बघ ना, पान्यात घासून घासून केवढा बारका झाला माझा देव!"

काळू नदी मुरबाडला आणि हे घर खर्डीला. त्या नदीचं पाणी इकडे डोंगर चढून येणं कसं शक्य आहे? ज्याची भाकरीच पाण्याच्या पातळीवर आहे, त्या धनेशच्या हे जिभेवर आलं होतं.

"मामा, पन ते पानी तर…"

मामांनी वर बघितलं. त्या म्हाताऱ्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या होत्या, आणि आयुष्यभर रिकामा राहिलेला तळवा भरला होता.

"…ते पानी गरम करायला ठेवू का?" तो म्हणाला.

आता ज्या कोंबड्यानं देव वाहून आणला, तो खायचा कसा? लाल्याला आंब्याखाली पुरून वर कुंकू वाहिलं. सगळ्यांनी वालाचं बिरडं खाल्लं. मामांनी सेनापती हळदीनं माखून धुतल्या रुमालात गुंडाळला आणि तडक निघाले.

"आबा, त्या टेबलाचं सांगा ना!" संजीवनी रस्त्यापर्यंत मागे गेली.

"पुढल्या बारीला सांगतो!"

त्यानंतर टेबलावरची फौज पुढे कुणी नसताना पुढे बघत उभी राहिली. धनेशनं दुसरा सेनापती करायला घेतला, पण त्याच्या तोंडावर भाव येईना. डोळे मिटले, की त्याला मुरबाडचा देव्हारा दिसायचा, झेंडूच्या पाकळ्यांत गुडघाभर उभा असलेला एक घोडा, आणि उदबत्तीचं धुकं. ब्रश हातातच वाळून जायचा. संजीवनी गोणी आणून टेबलाशेजारी ठेवू लागली. गोण्या रोज थोड्या पुढे सरकत होत्या.

मग एका दुपारी धाऊमामा न सांगता दारात उभे. सुकलेले, झोप न झालेले. चप्पल काढून ते सरळ पडवीत आले आणि फौजेपुढे उकिडवे बसले. संजीवनी चहा टाकायला आत गेली. धनेशनं मनातल्या मनात फौजेचा निरोप घेतला.

"जावयबापू," मामा हळूच म्हणाले, "वीर सपनात येतो. धुकं असतं. तो घोड्यावर बसतो, निघतो, आनि परत मागं वळून बघतो. म्हनतो, धाऊ, मी एकला कुठं जाऊ? माझी मानसं कुठं हायेत?"

धनेशच्या अंगावर काटा आला. "मग?"

"मग काय? देव्हाऱ्याशेजारी फळी ठोकली. खिडकीपाशी टेबल मांडलं, याच्याहून रुंद. फौज तिकडं घेऊन या. सुट्टीला येत जावा, बसून रंगवत जावा. देवाचं काम हाय, त्याला बाहुल्या म्हनायचं नाय. ऐकलंस ना गो संजे?"

आतून चहा आला. धनेशला हसावं की रडावं कळेना. एका फटक्यात टेबल गेलं होतं आणि मोठं टेबल मिळालं होतं, सेनापती गेला होता आणि फौज त्याच्याकडे निघाली होती. त्याला टापा ऐकू येऊ लागल्या.

"मामा, वीर आनखी काय म्हनले?"

मामांनी चहा बशीत ओतला, डोळे मिटून लांब घोट घेतला.

"म्हनले, बाकी सगळं बेस हाय. फक्त जावयाला सांग, पायाखाली कणी नको चिकटवू. कोंबडे आपल्याकडं पन हायेत."

धनेश टक लावून बघत राहिला. त्यानं कणीचं कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. मामा बशीवर शांतपणे फुंकर घालत होते.

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला.

"कणी?" संजीवनीनं आतून विचारलं. "कसली कणी वो?"