बैलाचे मागचे पाय

सव्वीस जानेवारीला तेलंगणातल्या त्या मराठी शाळेत सातवीचा पोळ्याचा नाच होता. त्यात बैल अमृत आणि फकिरा या दोघांचा मिळून होणार होता, आणि त्यातलं पुढचं अंग अमृतला मिळालं. कारण उघड होतं. अमृतच्या मामाने लाकडी खेळण्यांच्या निर्मल गावाहून बैलाचं लाकडी मुंडकं करून आणलं होतं. छान रंगवलेलं, शिंगांना गोंडे लावलेलं. ज्याचं मुंडकं त्यानेच ते घालायचं, असा न्याय वामनराव गुरुजींनी केला. फकिराच्या वाट्याला झुलीखाली वाकून चालणं आणि एक शेपूट आलं. तेही घरून करून आणायचं होतं.

फकिराचा नुसता जळफळाट झाला. तालमीत अमृत मान डोलवायचा, पायाने माती उकरायचा, शेवटी पाहुण्यांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकायचा, आणि मुली टाळ्या वाजवायच्या. फकिराने एकदा मागे जरा उडी मारून पाहिली, तर गुरुजींनी झुलीवरूनच छडी दिली. मागच्याने फक्त पुढच्याच्या मागे यायचं, असं त्यांनी बजावलं.

त्यात त्याची आई सोजरबाई कापूस वेचता वेचता साऱ्या बायांना सांगत सुटली, की आपला पोरगा बैलाचे मागचे पाय आहे. बाया पोट धरून हसल्या. आईला त्याचं काही वाटलं नाही. फकिराला मात्र त्या दिवसापासून अमृतचं तोंड पाहवेना, मग ते लाकडी असो की खरं. आई नाच बघायला येणार होती. तिने आपल्याला डोळे भरून पाहावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि पाठीमागून ते होण्यासारखं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला सकाळीच तो अमृतच्या आईकडे गेला.

‘‘काकू, अमृतले ते मुंडकं लय शोभून राह्यलं,’’ तो म्हणाला. ‘‘आज सारं गाव त्याच्याकडंच पायते. मागच्याचं बरं हाय. त्याच्याकडं कोनी पायतच नाई, तं नजर कशी लागन?’’

अमृतची आई बयनाबाई म्हणजे पोराला शिंक आली तरी मीठमिरच्या ओवाळणारी बाई. ती तडक शाळेत गेली आणि गुरुजींना म्हणाली, माझा पोरगा मागे राहील, नाहीतर मुंडकं घरी जाईल. गुरुजी तेव्हा खुर्च्या मांडण्यात बेजार झाले होते. त्यांनी दोघांची अदलाबदल करून टाकली. अमृत रडू लागला, आणि फकिराला ते ऐकून पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

ढोलकी सुरू झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. मुंडकं अमृतच्या मापाचं होतं आणि फकिराचं डोकं मोठं. डोळ्यांची भोकं त्याच्या कपाळावर आली. आतल्या अंधारात तो अंदाजाने नाचत निघाला आणि थेट मागच्या पडद्यात घुसला. शिंगं तिथं अशी अडकली, की ओढून ओढून निघेनात.

इकडे झुलीखाली अमृतला मागच्याची चाल माहीतच नव्हती. त्याची तालीम पुढच्या पायांची झाली होती, आणि पोरगा हुशार होता. त्याने तीच चाल बिनचूक करून दाखवली. तोंड पडद्यात खुपसलेला बैल मागच्या पायांनी माती उकरू लागला, कंबर डोलवू लागला आणि शेवटी पाहुण्यांकडे शेपूट करून त्याने गुडघे टेकले. लोक हसून हसून लोळले. पाहुणे म्हणून आलेले मंडल ऑफिसचे, म्हणजे तहसिलीचे साहेब डोळे पुसत तेलुगूत काहीतरी बोलले, आणि गुरुजींनी ते माईकवरून मराठीत सांगितलं: मागच्या पायांना साहेबांकडून कंपासपेटी, उद्या प्रार्थनेच्या वेळी मिळेल.

फकिरा कसाबसा सुटून शाळेच्या मागून बाहेर आला. बक्षीस त्याच्याच जागेला मिळालं होतं, आणि ती जागा त्याने खटपट करून अमृतच्या गळ्यात घातली होती. त्याला आता अमृतचा पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटत होता.

फाटकापाशी सोजरबाई शेतातल्या साऱ्या बायांना घेऊन उभी होती. तिने त्याला जवळ ओढलं आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

‘‘म्या सांगतलं होतं का नाई तुमाले?’’ ती बायांना म्हणाली. ‘‘झुलीखालून नुसते पाय दिसले, अन् म्या वळखलं, हा माहा फकिरा.’’

फकिराने बोलायला तोंड उघडलं. पण आता बाया हसत नव्हत्या. सगळ्या त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या.

‘‘पुढच्या पोट्ट्याले मातर काईच येत नवतं,’’ आई म्हणाली. ‘‘पडद्यात जाऊन घुसला बैताड. कोन होता रे तो?’’

फकिराने एकवार आपल्या पायांकडे पाहिलं.

‘‘अमृत,’’ तो म्हणाला.