एक चूल, एक ओळ

देवळाच्या वर्धापनदिनाच्या पत्रिका पाठवताना मी कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं आणि गावातल्या तीन दत्ताराम पाटलांचा एकच करून टाकला. देवळाची, शाळेची आणि मुंबई मंडळाची, अशा तीन याद्या जोडून दुबार नावं काढायची होती. यंत्राने ती काढली. एका दत्तारामाला पत्रिका गेली. उरलेले दोघे जोडीने माझ्या ओटीवर आले.

थोरला म्हणाला, "भाऊ, आमी मेलो का काय?"

शेवटी देवळाच्या पंचांनी यादीचं काम आमच्या शेजारच्या आप्पांकडे दिलं. आप्पा शाळेतले निवृत्त क्लार्क.

"तुझं यंत्र कोणाकडे चहा प्यायलंय कधी?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग त्याला काय कळणार?"

आप्पांचा नियम एकच : एक चूल, एक ओळ. भाऊ वेगळे झाले की ओळी दोन. आता घरोघरी गॅस आलाय, पण आप्पांची चूल विझलेली नाही. मुरुडपासून दिघीपर्यंत पांगलेल्या घरांत एसटीने जायचे, पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकवायचे आणि मिठाच्या बरण्या मोजायचे. एका घरात दोघी जावा म्हणाल्या, "आमचं सगळं एकत्रच हाय." आप्पा बाहेर येऊन मला म्हणाले, "बरण्या दोन. लिही दोन ओळी."

याद्यांवर नुसती नजर टाकून सांगायचे, "शाळेतला द. रा. पाटील, मंडळातला दत्ता मिस्त्री नि देवळातला दत्ताराम राघो एकच. डाव्या हाताने जेवतो." मी चौकशी केली. तिन्ही नावांचा माणूस एकच निघाला आणि डाव्या हाताने भात कालवत होता. त्या दिवसापासून मी आप्पांसमोर कॉम्प्युटर हा शब्द काढलेला नाही.

यादी टाइप करताना मात्र मला एक चूक सापडली. आप्पांचे धाकटे भाऊ म्हसळ्याला असतात. वाडीच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद, त्याला बारा वर्षं झाली. तिन्ही जुन्या याद्यांत दोघांच्या ओळी वेगळ्या. आप्पांच्या यादीत दोघं एकाच ओळीत, आप्पांच्या पत्त्यावर.

"आप्पा, इथं बरण्या दोन आहेत," मी म्हटलं. मला केवढा आनंद झाला होता.

आप्पांनी चष्मा काढून पुसला.

"पत्रिका एकच येईल," ते म्हणाले, "मग ती दाखवायला म्हसळ्याला जावं लागेल ना मला."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. भाजी निवडता निवडता ती थांबली.

"ती ओळ," ती म्हणाली, "तुमच्या यंत्राला तपासायला देऊ नका."